उल्लेखांचें गणित आणि चंद्रशेखर

विद्वानाची योग्यता कशानें मोजावी, हा प्रश्न आमच्या महाविद्यालयांतून आतां फारसा कोणी विचारीत नाहीं. नेमणूक असो कीं बढती असो, अर्जांत एक रकाना असतो. आपल्या लेखांचा इतर संशोधकांनीं किती वेळां उल्लेख केला, तो आंकडा त्यांत भरला कीं काम भागलें. हे उल्लेख मोजण्याची सोय यूजीन गार्फील्ड यांनीं १९६४ सालीं फिलाडेल्फिया येथून विज्ञानलेखांची उल्लेखसूची काढून करून दिली. संदर्भ शोधण्यास तिचा उपयोग मोठा आहे, हें कोणीहि मान्य करील. परंतु तिचाच तराजू केला म्हणजे काय होतें, हें पाहावयाचें असेल तर सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांच्या लेखनाकडे वळावें.

१९३० च्या जुलै महिन्याच्या अखेरीस हा एकोणीस वर्षांचा मद्रासचा पदवीधर केंब्रिजला जाण्यासाठीं मुंबईस बोटींत बसला. प्रवासांत त्यानें एक गणित मांडलें. इंधन संपलेला तारा आकुंचन पावून श्वेतबटु होतो, तेव्हां त्याच्या स्वतःच्या भारास तोलून धरणारा दाब इलेक्ट्रॉनांचा असतो. पण त्या इलेक्ट्रॉनांची गति प्रकाशाच्या गतीजवळ पोंचूं लागली, तर सापेक्षतावादाप्रमाणें तो दाब अपुरा पडतो. म्हणजे एका ठराविक वस्तुमानापलीकडे श्वेतबटु टिकूंच शकत नाहीं. हा निष्कर्ष १९३१ सालीं ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’मध्यें प्रसिद्ध झाला. लेख उणापुरा दोन पानांचा!

त्याचें स्वागत कसें झालें, हें प्रसिद्धच आहे. ११ जानेवारी १९३५ रोजीं लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटींत चंद्रशेखर यांचें निवेदन संपलें आणि सर आर्थर एडिंग्टन उठले. तारा असा विपरीत वागूं नये म्हणून निसर्गाचा एखादा नियम असलाच पाहिजे, असें त्यांनीं सांगितलें. पाउली यांच्यासारखे पदार्थवेत्ते खासगींत चंद्रशेखर यांच्या बाजूचे होते. पण एडिंग्टनसारख्या मान्यवराविरुद्ध उघड बोलावयास तेव्हां कोणी पुढें आलें नाहीं. त्या सालीं जर कोणी उल्लेख मोजूं लागला असता, तर या तरुणाच्या रकान्याला फारशी शोभा आली नसती.

चंद्रशेखर यांनीं वाद वाढविला नाहीं. सारा विषय १९३९ सालीं एका ग्रंथांत नीट रचून ठेवला आणि ते दुसऱ्या प्रांतांत गेले. पुढें हीच त्यांची रीत झाली: एक विषय घ्यावा, कांहीं वर्षें त्यांत बुडून जावें, ग्रंथ लिहावा आणि दार ओढून घ्यावें. १९५० सालीं प्रारणाच्या संक्रमणावर, १९६१ त द्रवांच्या स्थैर्यावर, १९८३ त कृष्णविवरांच्या गणितावर.

आतां गंमत पाहा. त्यांच्या ज्या लेखाचे उल्लेख हजारोंनीं मोजतात, तो ‘रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स’मधील १९४३ चा दीर्घ निबंध आहे. विषय यदृच्छागतीचा, म्हणजे पाण्यांतील सूक्ष्म कण दिशाहीन हेलकावे खातात त्या प्रकारचा. त्यांत ताऱ्यांचें प्रकरण आहे खरें; पण रसायन आणि जीवशास्त्र यांचे अभ्यासक तो उघडतात ते ताऱ्यांसाठीं नव्हे. आइन्स्टाइन, स्मोलुकोव्स्की प्रभृतींचे विचार त्यांनीं तेथें इतके स्वच्छ मांडले, स्वतःची भर घातली, कीं पुढील पिढ्यांना तें पाठ्यपुस्तकच झालें. म्हणजे तो मोठा आंकडा बऱ्याच अंशीं त्यांच्यांतील शिक्षकाला मिळालेला आहे. मजसारख्या शिक्षकाला त्याचें वाईट वाटण्याचें कारण नाहीं. पण तो शोधाचा आंकडा नव्हे.

उलट त्या दोन पानांचें काय झालें? त्यांतील कल्पना ‘चंद्रशेखर मर्यादा’ या नांवानें इतकी रुळली कीं तळटीप देण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली. गुरुत्वाकर्षणाबद्दल लिहितांना न्यूटनच्या ग्रंथाचें पान कोण देतो? रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञानें हा प्रकार चांगला ओळखला होता: विचार सर्वांचा झाला कीं त्याचें उगमस्थान पुसलें जातें. आणि जे तळटीप देतात, ते तरी लेख वाचतात कीं काय, कोण जाणे! आज पाठ्यपुस्तकांत ही मर्यादा सूर्याच्या सुमारें १.४ पट दिलेली असते. १९३१ च्या लेखांत मात्र ती ०.९१ आहे. ताऱ्यांतील द्रव्याचा सरासरी रेणुभार त्यांनीं तेथें २.५ धरला होता. तो २ धरला म्हणजे १.४४ येतें. शिवाय टार्टूचे विल्हेल्म अँडरसन यांनीं १९२९ त आणि लीड्सचे एडमंड स्टोनर यांनीं १९३० त, तारा सर्वत्र सारख्याच घनतेचा मानून, अशाच मर्यादेकडे बोट दाखविलें होतें. त्यांचीं नांवें किती जण घेतात?

१९८३ सालीं चंद्रशेखर यांना नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां त्या दोन पानांना बावन्न वर्षें होऊन गेलीं होतीं. या अवधींत त्यांनीं आणखीहि एक काम केलें. १९५२ पासून १९७१ पर्यंत त्याच ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’चें संपादन त्यांनीं सांभाळलें, आणि शिकागो विद्यापीठाचें तें नियतकालिक साऱ्या अमेरिकेचें प्रमुख नियतकालिक करून सोडलें. एकोणीस वर्षें इतरांचे लेख वाचावयाचे, परत पाठवावयाचे, पुन्हां तपासावयाचे. त्या लेखांवर अर्थातच इतरांचीं नांवें आहेत.