चेरीचे लाकूड आणि जपानी ग्रंथ

जपानी काव्यात चेरीचा फुलोरा क्षणभंगुरतेचे प्रतीक ठरला. त्याच वृक्षाच्या लाकडाने मात्र तेथील ग्रंथांना टिकाऊपणा दिला.

एदो काळात (१६०३ ते १८६८) ग्रंथ छापण्यासाठी प्रामुख्याने डोंगरी चेरीच्या फळ्या वापरीत. हे लाकूड कठीण आणि बारीक, एकसारख्या पोताचे असते. त्यामुळे केसाएवढी रेषाही त्यात कोरता येते आणि शेकडो प्रती छापल्या तरी ती टिकून राहते. सतराव्या शतकाच्या आरंभी जपानमध्ये सुटे खिळेही वापरून पाहिले गेले. परंतु जोडून लिहिलेली अक्षरे, त्यांलगतच्या उच्चारखुणा आणि चित्रे एकाच पानात बसवणे फळीवरच सोयीचे होते. सायकाकूची १६८२ मधील पहिली कादंबरी आणि बाकिनची १८१४ ते १८४२ या काळात १०६ भागांत निघालेली 'हाक्केनदेन' या दोन्ही अशाच कोरल्या गेल्या.

लेखनिकाने पातळ कागदावर उतरलेली शुद्ध प्रत फळीवर पालथी चिकटवीत आणि कागदासकट कोरीत. म्हणजे ती प्रत नष्ट होऊनच ग्रंथ सिद्ध होई. प्रकाशनाचा हक्कही लेखकाकडे नव्हे, तर फळ्या बाळगणाऱ्या प्रकाशकाकडे असे. फळ्या विकल्या की हक्कही हस्तांतरित होई. मागणी संपलेल्या ग्रंथाच्या फळ्या पुष्कळदा तासून नव्या मजकुरासाठी वापरल्या जात.

मूळ संहिता कोणती, हा आपला नेहमीचा प्रश्न. येथे त्याचे उत्तर शोधताना हस्तलिखिताइतकेच चेरीच्या फळीकडेही पाहावे लागते.