सोनापूरच्या भिंतीचे कान

दिवाळी तोंडावर आली असताना, १५ ऑक्टोबर १८५७ रोजी, मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर दोन हिंदी शिपायांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. एक होता मरीन बटालियनचा ड्रिल हवालदार सय्यद हुसेन, दुसरा १०व्या पलटणीचा शिपाई मंगल गडिया. आजच्या आझाद मैदानाचा परिसर तो हाच. उत्तरेत कंपनी सरकारचे युद्ध पेटले होते, पण मुंबईत उठाव झालाच नव्हता. या दोघांना शिक्षा मिळाली ती होऊ घातलेल्या उठावाबद्दल. तो होणार होता हे सरकारला कळले एका पोलीस अधिकाऱ्यामुळे. त्याचे नाव चार्ल्स फॉर्जेट.

ताडदेवच्या फॉर्जेट स्ट्रीटमुळे हे नाव मुंबईकरांच्या तोंडी राहिले, माणूस मात्र विस्मरणात गेला. फॉर्जेट हिंदुस्थानातच वाढलेला, मिश्र वंशाचा. पुण्याच्या पोलिसात आणि बेळगाव जिल्ह्यात त्याने नोकरी केली. मुंबईच्या सुप्रीम कोर्टात तो मराठी आणि हिंदुस्थानीचा दुभाषा होता. १८५५ साली तो मुंबईचा पोलीस अधीक्षक झाला. देशी वेष करून बाजारात मिसळावे आणि लोक काय बोलतात ते ऐकावे, ही त्याची रीत. लष्करातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना आपल्या शिपायांवर हुकूम गाजवता येत होता. शिपाई आपापसांत काय कुजबुजतात हे समजण्याइतकी भाषा फॉर्जेटकडे होती.

मे महिन्यात मेरठ पेटले, जुलैअखेर कोल्हापुरात २७वी पलटण बंड करून उठली. मुंबईत १०वी आणि ११वी पलटण व मरीन बटालियन अशी देशी फौज होती. त्या मानाने गोरे सैन्य अगदी थोडे. ऑगस्टच्या उत्तरार्धात मोहरम आला. शहरातील मुसलमान उठतील अशी लष्कराला भीती होती, म्हणून ब्रिगेडियर शॉर्ट यांनी गोरे शिपाई आणि गोरे पोलीस जागोजागी विखरून ठेवण्याचा बेत केला. फॉर्जेटला शहरापेक्षा पलटणींची धास्ती अधिक होती. आपले गोरे पोलीस आपण एकत्रच ठेवणार, त्यासाठी आज्ञाभंग झाला तरी चालेल, असे त्याने गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांना सरळ सांगितले. गव्हर्नरांनी काणाडोळा केला.

मोहरमच्या दिवसांतच १०व्या पलटणीतल्या एका दारू प्यालेल्या ख्रिस्ती ढोलवाल्याने हिंदूंच्या मिरवणुकीतली मूर्ती पाडली. पोलिसांनी त्याला धरले, तर त्याच्या पलटणीच्या शिपायांनी चौकी फोडून त्याला सोडवले आणि पोलिसांनाच पकडून लायनीत नेले. फॉर्जेट घोड्यावरून एकटा तिथे पोहोचला. पलटणीचे अधिकारी तलवारी उपसून शिपायांना आवरत होते आणि फॉर्जेटला निघून जा म्हणून विनवत होते. तो हलला नाही. मागून त्याचा सहायक एजिंटन पन्नासेक गोरे पोलीस घेऊन आला, तेव्हा शिपाई माघारी फिरले. त्यानंतर फॉर्जेटने पोलीस कचेरीच्या आवारात फाशीचा खांब उभारला आणि ज्यांच्यावर संशय होता त्या नागरिकांना बोलावून तो दाखवला.

पुढची हकीकत सोनापूरची. गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरी शिपायांच्या बैठका होतात, अशी खबर लागली. फॉर्जेटने गंगाप्रसादला कचेरीत आणून दरडावले आणि त्याच्याकडून सारे वदवून घेतले. मग स्वतः त्या घरी जाऊन भिंतीतल्या भोकाला डोळा लावला आणि पलीकडचे बोलणे ऐकले. मोहरमात साधले नाही ते दिवाळीत साधायचे, अशी मसलत चालली होती. लष्करी अधिकारी यावर विश्वास ठेवायला तयार नव्हते. तेव्हा त्याने मरीन बटालियनचा प्रमुख मेजर बॅरो यालाच त्या भोकापाशी नेऊन बसवले. पलीकडे आपलीच माणसे बघून बॅरो थक्क झाला. कोर्टमार्शल झाले, दोघांना तोफ मिळाली आणि काहींना काळे पाणी.

त्याच सुमारास जगन्नाथ शंकरशेट यांच्यावरही सरकारचा संशय होता. बंडवाल्यांशी त्यांचे संधान आहे, अशी कुजबुज होती. तो तपासही फॉर्जेटकडेच आला आणि त्याने संशय निराधार ठरवला. म्हणजे ज्या कानाने दोन शिपायांना तोफेपर्यंत नेले, त्याच कानाने नानांना वाचवले. फॉर्जेटला निव्वळ क्रूर ठरवणारे आणि निव्वळ मुंबईचा त्राता ठरवणारे, दोघेही ही गोष्ट सोडून देतात. तो ऐकत होता आणि ऐकलेले पारखत होता. त्या काळच्या भेदरलेल्या राज्यकर्त्यांत हा गुण दुर्मीळ होता. पण त्या पारखण्याचा मालक एकच होता. नानांच्या मागे प्रतिष्ठा होती, पैसा होता, शहर होते. सोनापुरात जमलेल्या शिपायांची बाजू मांडायला कोण होते?

मुंबईच्या शेठसावकारांना शांतता हवी होती, आणि ती राखणाऱ्याला त्यांनी भरभरून दिले. युरोपियनांप्रमाणे हिंदी व्यापाऱ्यांनीही त्याला मोठमोठ्या रकमा अर्पण केल्या. १८६४ साली तो इंग्लंडला गेला. तिथे त्याने कावसजी जहांगीर यांच्या नावाने एक हॉल बांधला. १८७७ मध्ये त्याने हिंदुस्थानातील ‘खऱ्या धोक्या’वर इंग्रजीत पुस्तक लिहिले. सत्तावनच्या मुंबईची कथा पुढच्या इतिहासकारांनी सांगितली ती बव्हंशी त्याच्याच शब्दांत.

म्हणून ही कथा वाचताना आपणही नकळत भिंतीच्या अलीकडे, फॉर्जेटच्या खांद्याला खांदा लावून बसतो. त्या खोलीत संताप किती होता, ठरलेला बेत किती आणि नुसती बढाई किती, याचा निवाडा त्याने केला आणि कोर्टाने तो उचलून धरला. सय्यद हुसेन आणि मंगल गडिया यांची नावे आज मुंबईचे हुतात्मे म्हणून घेतली जातात, ते रास्तच आहे. पण त्यांच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, ते त्यांना पकडणाऱ्याच्या तोंडून आलेले आहे, एवढे भान ती नावे घेताना ठेवायला हवे.