कानात उजेड पडला तेव्हा

दात दुखला तर आरशासमोर आ करून निदान बघता तरी येतं. डोळा लाल झाला तर घरातलं कुणीही पापणी वर करून बघतं. कानाचं तसं नाही. मध्यरात्री कान ठणकायला लागला की ज्याचा दुखतो त्याला दिसत नाही आणि जो उशाशी बसलाय त्यालाही दिसत नाही. मग तव्यावर फडकं गरम करून शेक दे, लसूण घालून कडवलेलं तेल सोड, असं काहीबाही सुरू होतं. माणसाने हजारो वर्षं कानदुखीवर जे उपचार केले ते सगळे असेच, अंधारात चाचपडत केलेले. त्या अंधारात उजेड कसा पडला, आणि उजेड पडल्यावरही किती दिवस काहीच करता येत नव्हतं, त्याची ही गोष्ट.

आधी जागा समजून घेऊ. कानाच्या भोकापासून आत साधारण अडीच सेंटिमीटर लांबीचा, किंचित नागमोडी बोळ आहे. त्याच्या टोकाला पडदा. आकाराने करंगळीच्या नखाएवढा आणि जाडी मिलिमीटरचा दहावा भाग. पडद्याच्या पलीकडे एक चिमुकली खोली, तिला मध्यकर्ण म्हणतात. तिच्यात तीन इवलीशी हाडं आणि हवा. ही हवा येते नाकाच्या मागून, एका बारीक नळीतून. सर्दीने ती नळी सुजली की कानाला दडे बसतात, खोलीत पाणी साचतं, त्यात जंतू वाढतात, पू होतो आणि पडद्यावर आतून दाब येतो. ठणका लागतो तो या दाबामुळे. लहान मुलांची नळी आखूड आणि जास्त आडवी, म्हणून हा त्रास त्यांना जास्त.

आता या पुवाला वाट हवी असते. पडदा फाडून तो बाहेर आला की आपण म्हणतो 'कान फुटला', आणि रात्रभर रडणारं मूल एकदम शांत झोपतं. पण तो मागच्या बाजूला कानामागच्या हाडात शिरला तर? आणि तिथून वर गेला तर? मध्यकर्णाचं छत म्हणजे हाडाचा एक पातळ पापुद्रा आणि त्याच्या वर थेट मेंदू. ताप आणि कानदुखी एकत्र आली तर रोगी भ्रमात जाऊन दगावू शकतो, हे हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथांतही नोंदलेलं आहे. म्हणजे परिणाम माहीत होता. आत काय चाललंय हे मात्र माहीत नव्हतं.

न दिसण्याची किंमत किती मोठी होती त्याचं इतिहासातलं ठळक उदाहरण म्हणजे फ्रान्सचा राजा दुसरा फ्रान्सिस. वय वर्षं १६, राज्यावर बसून दीड वर्षही झालेलं नाही. १५६० च्या नोव्हेंबरात ऑर्लेआंला तो आजारी पडला. कान आधीपासूनच दुखरा होता, आता कानामागे सूज आली आणि ताप चढला. दरबारात आंब्रोआझ पारेसारखा त्या काळचा नामांकित शल्यवैद्य हजर होता. पण कवटीला भोक पाडायचं की नाही यावर खल होत राहिला, आणि ५ डिसेंबरला राजा गेला. पुढे पारेनेच कानात विष घातलं अशी कंडीही पिकली! राणी मेरी स्टुअर्ट अठरा वर्षांची व्हायच्या आत विधवा झाली, १५६१ मध्ये स्कॉटलंडला परतली, आणि तिचं पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. फ्रान्सच्या गादीवर दहा वर्षांचा धाकटा भाऊ आला आणि सत्ता आईच्या, कातरिन द मेदिचीच्या हाती गेली. दोन देशांचा इतिहास एका कानाने वळवला.

गंमत अशी, की नेमक्या त्याच वर्षांत इटलीत कानाची रचना उलगडत होती. पडद्याला ढोलाचं नाव देणाऱ्या फॅलोपियसचा ग्रंथ १५६१ चा. नाकामागून कानाकडे जाणाऱ्या नळीचं नेमकं वर्णन करणाऱ्या युस्टेशियसचा ग्रंथ १५६४ चा. ती नळी आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. पण हे सगळं ज्ञान प्रेतांच्या कानांचं. जिवंत, दुखऱ्या कानात डोकवायची सोय अजून नव्हतीच.

आपल्याकडचं काय? सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितले आहेत, त्यांत कर्णशूल आहे, कान वाहणं आहे, कानात किडा जाणंही आहे. कानात औषधी तेल भरण्याचा कर्णपूरण हा उपचारही जुनाच. फाटलेली कानाची पाळी जोडण्यात तर सुश्रुताची परंपरा जगाच्या फार पुढे होती. शिवाय शरीराच्या पोकळ मार्गांत डोकावण्यासाठी नाडीयंत्रं, म्हणजे नळ्या, वर्णन केलेल्या आहेत. म्हणजे नळी होती, बघायची इच्छा होती. अडचण एकच, नळीला डोळा लावला की उजेड अडतो! बघणाऱ्याचं डोकंच दिव्याच्या आड येतं.

हाच घोळ युरोपात पुढे कितीतरी शतकं चालू राहिला. चौदाव्या शतकातल्या गी द शोलियाकने कानाचं भोक रुंदावून सूर्यप्रकाशात बघायला सांगितलं. पण कानदुखीचा हंगाम थंडीचा, आणि युरोपातल्या थंडीत सूर्य कुठला? १७२४ मध्ये व्हर्सायच्या एका पोस्टमास्तरने, त्याचं नाव गीयो, स्वतःचं बहिरेपण घालवण्यासाठी वाकडी नळी तोंडातून वर सारून त्या युस्टेशियन नळीत पाणी सोडलं आणि हे पॅरिसच्या अकादमीला कळवलं. डॉक्टर नव्हे, पोस्टमास्तर! १७४१ मध्ये क्लेलंड नावाच्या इंग्रज लष्करी सर्जनने मेणबत्ती आणि बहिर्गोल भिंग एकत्र जोडून कानात उजेड पाडायची युक्ती छापली.

खरी कोंडी फुटली १८४१ मध्ये. जर्मनीतल्या बुर्गश्टाइनफुर्ट या छोट्या गावच्या होफमान नावाच्या डॉक्टरने एक अंतर्गोल आरसा घेतला आणि त्याला मध्यभागी भोक ठेवलं. बस्स, एवढंच. दिवा रोग्याच्या बाजूला, आरसा डॉक्टरच्या डोळ्यासमोर. आरसा उजेड कानात फेकतो आणि डॉक्टर त्याच उजेडाच्या मधोमध असलेल्या भोकातून बघतो. डोकं आड येण्याचा प्रश्नच मिटला. गावच्या डॉक्टरकडे कोण लक्ष देणार? १८५५ मध्ये फोन ट्रोल्च याने असाच आरसा पॅरिसमध्ये जर्मन डॉक्टरांच्या सभेत दाखवला तेव्हा कुठे त्याचा बोलबाला झाला. पुढे तो पट्ट्याने कपाळावर बांधला जाऊ लागला आणि दोन्ही हात मोकळे झाले. व्यंगचित्रातल्या डॉक्टरच्या कपाळावरची ती गोल चकती म्हणजे हाच आरसा.

त्या भोकातून काय दिसलं? निरोगी पडदा मोत्यासारखा करडा असतो. त्यातून हातोडीच्या आकाराच्या हाडाची दांडी दिसते आणि खालच्या भागात उजेडाचा एक चकचकीत त्रिकोण. पू झाला की पडदा लाल होऊन फुगतो, दांडी दिसेनाशी होते आणि तो त्रिकोण विझतो. व्हिएन्नाच्या पोलित्झरने १८६५ मध्ये पडद्याच्या अशा रूपांवर सचित्र पुस्तकच काढलं. इतकी शतकं नुसतं 'दुखतंय' एवढंच सांगणाऱ्या कानाला आता चेहरा मिळाला.

या पिढीतला आणखी एक मोठा माणूस म्हणजे डब्लिनचा विल्यम वाइल्ड. १८५३ मध्ये त्याने कानाच्या शल्यचिकित्सेवर ग्रंथ लिहिला. कानामागे पू साठला तर वेळेवर छेद देऊन वाट करून द्यायची, हा छेद त्याच्या नावाने प्रसिद्ध आहे. वाहणाऱ्या कानाकडे दुर्लक्ष करू नका, तो कधी कुठे घात करील सांगता येत नाही, असं तो बजावत असे. ग्रंथ निघाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, त्याला मुलगा झाला. त्याचं नाव ऑस्कर.

हो, तोच ऑस्कर वाइल्ड. १८९५ मध्ये त्याला दोन वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. १८९६ मध्ये तुरुंगातून गृहमंत्र्यांना पाठवलेल्या अर्जात त्याने इतर दुःखांबरोबर कानाबद्दलही लिहिलं: पडद्याला भोक पडलंय, उजव्या कानाने ऐकू येणं जवळजवळ गेलंय, तुरुंगाचा डॉक्टर काही करता येणार नाही म्हणतो, पण नीट काळजी घेतली तर कान वाचेल असं पूर्वी एका मोठ्या तज्ज्ञाने सांगितलं होतं. सुटल्यावरही कानाचं दुखणं पाठ सोडेना. १० ऑक्टोबर १९०० ला पॅरिसच्या हॉटेलातल्या खोलीतच त्याच्या कानावर शस्त्रक्रिया झाली. ३० नोव्हेंबरला तो गेला, वयाच्या ४६ व्या वर्षी. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मेंदूच्या दाहाचा संबंध उजव्या कानातल्या जुन्या पुवाशी जोडला होता. नंतर बरेच जण गुप्तरोगाकडे बोट दाखवत राहिले, पण २००० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोन डॉक्टरांनी पुन्हा कानाचीच बाजू मांडली.

मला ही बापलेकांची गोष्ट फार अस्वस्थ करते. १५६० चा राजा गेला तेव्हा कुणाला दिसतच नव्हतं. १९०० चा लेखक गेला तेव्हा आरसा होता, नळी होती, कानामागचं हाड पोखरून पू काढायची श्वार्ट्झेची शस्त्रक्रिया १८७३ पासून माहीत होती. तरीही तो गेला. कारण दिसणं आणि बरं करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामध्ये कधी कधी शंभर वर्षं जातात. दुसरं कारण याहून साधं: ज्याचा कान वेळेवर बघायला हवा होता, त्याचा बघितला गेला नाही. बंद दरवाजाआडच्या माणसाचं दुखणं कुणाला तातडीचं वाटत नाही.

शंभर वर्षांचं अंतर भरलं ते १९३० च्या दशकातल्या सल्फा औषधांनी आणि १९४० च्या दशकातल्या पेनिसिलिनने. ज्या कानामागच्या शस्त्रक्रिया वॉर्डावॉर्डात चालत, त्या बघता बघता विरळ झाल्या. कानदुखीला कारण ठरणाऱ्या जंतूंपैकी एक असलेल्या न्यूमोकॉकसची लस २०१७ पासून आपल्या सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली, २०२१ मध्ये ती देशभर पोहोचली.

आज डॉक्टर दिवा असलेलं छोटं यंत्र कानाला लावतात. त्याआधी मोठ्या माणसाचा कान ते वर आणि मागे ओढतात, तान्ह्याचा खाली आणि मागे. तो नागमोडी बोळ सरळ व्हावा म्हणून. पडदा नीट दिसला तर घसा, दात, जबडा तपासतात, कारण त्यांच्या नसा कानाच्या नसांशी जोडलेल्या आहेत आणि दाढेचं दुखणं कानात जाणवू शकतं. तंबाखू खाणाऱ्याचा एकच कान आठवडे दुखत असेल आणि कान आतून स्वच्छ असेल, तर जीभ आणि घसा बघायलाच हवा. ते कर्करोगाचं लक्षण असू शकतं. प्रत्येक वेळी प्रतिजैविक लागतंच असंही नाही. थोड्या मोठ्या मुलाचं दुखणं सौम्य असेल तर वेदनाशामक देऊन दोनतीन दिवस वाट बघतात, पुष्कळदा ते आपोआप बरं होतं. पण वाट बघायची ती आत बघून झाल्यावर.

तेलाबद्दल एवढंच. आजीच्या हातच्या शेकाने बरं वाटतं, त्यात वाद नाही. पण पडद्याला भोक आहे की नाही हे कळल्याशिवाय आत काहीही सोडणं म्हणजे पुन्हा १५६० मध्ये जाणं. ती दोन मिनिटांची तपासणी मिळवायला माणसाला काही शतकं लागली. फुकटात मिळालेला हा उजेड वापरायला आपली हरकत नसावी.

असो. कुणाचा कान ठणकत असेल तर त्याला सकाळी डॉक्टरकडे न्या. आणि कान वाहायचा थांबला, ताप मात्र चढतोय, कानामागे सूज दिसतेय, असं असेल तर सकाळचीही वाट बघू नका.