संगणकीय बनावट आणि कायद्यातील ‘दस्तऐवज’

कागदावर खोटी सही केली वा बनावट शिक्का मारला, तर ‘खोटा दस्तऐवज’ डोळ्यांना दिसतो. परंतु संगणकातील नोंदच लबाडीने बदलली, तर दस्तऐवज कशाला म्हणावे? या प्रश्नाला निरनिराळ्या देशांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत.

ब्रिटनमध्ये ‘प्रेस्टेल’ या संगणकीय माहितीसेवेत दोघांनी इतरांचे परवलीचे शब्द वापरून शिरकाव केला. १९८१ च्या बनावटविरोधी कायद्यान्वये ते दोषी ठरले. परंतु अपिलात सुटले. परवलीचा शब्द यंत्रात क्षणभरच राहत असल्याने ती ‘नोंदविलेली वा साठविलेली’ माहिती नव्हे, असे मानून हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८८ मध्ये ही सुटका कायम केली. यानंतर १९९० मध्ये तेथे संगणक गैरवापराचा स्वतंत्र कायदा झाला.

जर्मनीने १९८६ मध्येच दंडसंहितेत कलम २६९ घातले. पुरावा म्हणून महत्त्वाची माहिती अशा रीतीने साठविली वा बदलली, की ती दृश्य स्वरूपात आल्यास बनावट दस्तऐवज ठरेल, तर तो गुन्हा होय.

भारताने वेगळा कायदा न करता जुन्याच व्याख्येचा विस्तार केला. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० द्वारे दंडविधानातील बनावटीकरणाच्या कलमांत ‘इलेक्ट्रॉनिक अभिलेख’ समाविष्ट झाला. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ मध्ये आहे. बनावटीकरणास दोन वर्षांपर्यंत, तर फसवणुकीसाठी केलेल्या बनावटीकरणास सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

गुन्हा अनेकदा सीमा ओलांडतो. व्याख्या मात्र सीमेपाशी थांबते. एका देशात गुन्हा ठरलेले कृत्य दुसरीकडे गुन्हा नसेल, तर आरोपीचे प्रत्यार्पण अडते. यासाठी २००१ च्या बुडापेस्ट कराराच्या सातव्या कलमाने संगणकीय बनावटीची समान व्याख्या दिली. माहिती थेट वाचता येण्याजोगी असणे तीत आवश्यक नाही. भारत या कराराचा सदस्य नाही. डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही सायबर गुन्ह्यांविरुद्धचा करार स्वीकारला.

व्याख्येइतकाच पुरावाही निर्णायक असतो. जालना विधानसभा निवडणुकीच्या वादातून आलेल्या खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले, की मूळ उपकरण हजर न करता त्यातील माहितीची प्रत द्यायची असल्यास विहित प्रमाणपत्र अनिवार्य आहे. म्हणूनच फसवणूक झालेल्याने केवळ छापील प्रतीवर विसंबू नये. मूळ उपकरण व मूळ संदेश जपून ठेवावेत.