स्प्रिंगफील्डच्या चौकातला पाव तास

स्वेटर घरीच ठेवा. जिथे जायचंय तिथे या क्षणी घामाच्या धारा लागल्या आहेत.

हे स्प्रिंगफील्ड, अमेरिकेच्या मिझुरी राज्यातलं. 11 नोव्हेंबर 1911, शनिवारची दुपार. आसपासचे शेतकरी आठवड्याच्या खरेदीला गावात उतरलेत आणि चौकात पाय ठेवायला जागा नाही. खेचरांच्या गाड्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत. लिदीचा वास, उन्हात तापलेल्या कातडी साजाचा वास, भाजलेल्या शेंगांचा वास. घंटा बडवत विजेची ट्राम गर्दीतून वाट काढतेय, सरका जरा! माणसांनी कोट काढून खांद्यावर टाकलेत. पारा 27 अंशांवर. शेजारी उभा असलेला म्हातारा शेतकरी मान पुसत म्हणतो, “नोव्हेंबरात ही हवा? हिचा भरवसा नाही, बाबा.”

तुमचा शर्ट पाठीला चिकटलाय ना? तो दमटपणा मेक्सिकोच्या आखातावरून आलाय. वारा दक्षिणेचा आहे, मऊ, ओलसर. दुकानात वायुभारमापक टांगलेला असेल तर त्याचा काटा खाली सरकताना दिसेल.

आता म्हाताऱ्याची नजर गेलीय तिकडे, वायव्येला बघा. घरांच्या छपरांमागे गर्द निळा-काळा पट्टा उठलाय. मैदानी मुलखातली माणसं याला ‘ब्लू नॉर्दर’ म्हणतात, उत्तरेचं निळं वादळ. पट्टा रुंद होतोय. म्हणजे जवळ येतोय.

तो पोहोचेपर्यंत त्याचा प्रवास सांगतो. दूर उत्तरेला, कॅनडाच्या बर्फाळ प्रदेशात, रात्री लांबल्या. बर्फाची जमीन आपली ऊब आकाशाकडे सोडत राहिली आणि तिच्यावर पडून राहिलेली हवा गारठत गेली. गारठलेली हवा आक्रसते, जड होते. तिथून इथवर तिला अडवणारा एकही आडवा डोंगर नाही. समोरून आखाताची उबदार हवा कमी दाबाकडे ओढली जातेय. दोघी एकमेकींवर लोटल्या जातात, आणि एरवी शेकडो किलोमीटरांत विरलेला तापमानाचा फरक एका अरुंद पट्ट्यात दाटतो. ती रेघ आता गावाच्या वेशीवर आलीय.

पावणेचार.

वारा पडतो. ट्रामची घंटाही एकदम मोठी वाटते. खेचरं कान टवकारतात. आणि मग वायव्येकडून धडक! धूळ, पेंढा, कागद, टोप्या, सगळं एका दमात अंगावर येतं. पाट्या खडखडतात, दारं आपटतात, एक खेचर मागच्या पायांवर उभं राहतं. टोपी सोडा, खांब धरा!

वळवाआधी अंगणात शिरणारा तो गार झोत आठवतोय? जात तीच, पसारा मात्र कित्येक पट मोठा. आलेली हवा आधीच्या हवेपेक्षा सुमारे 8 टक्के जड आहे, म्हणून ती पाचरीसारखी खाली घुसते आणि उबदार हवेला उचलून वर फेकते. पाचरीचा उतार फार सौम्य असतो. पन्नास ते शंभर किलोमीटर मागे जावं तेव्हा कुठे गार थराची उंची एक किलोमीटर भरते. पण जमिनीलगत गोष्ट वेगळी. घरं, झाडं, ढेकळं तळाच्या हवेला घासून धरतात, वरची हवा पुढे रेटते, आणि पाचरीचं टोक फुगून बोथट नाक होतं, जवळजवळ उभं. मला या साऱ्या प्रकारात हे नाकच सर्वांत विलक्षण वाटतं. नकाशावरची रेघ इथे भिंत होते, आणि तुम्ही आत्ता तिच्यातून आरपार गेलात.

चार वाजले. पारा 4 अंशांवर! पाव तासात 23 अंश खाली. ताशी 64 किलोमीटरचे झोत. घामाने भिजलेला शर्ट आता अंगावर गार पत्र्यासारखा लागतोय. हवेतला तो दमट, आंबूस वास पार पुसला गेलाय. दुकानदार शेगडी पेटवायला धावलाय आणि कोळशाचा धूर धुराड्यातून निघताच आडवा पळतोय. वायुभारमापकाचा काटा आता वर चढू लागलाय. म्हातारा कापऱ्या बोटांनी खेचरं जुंपतोय. त्याचं घर लांब आहे, गुरं उघड्यावर आहेत. त्याला हात द्या. साजाची बक्कल धरून ठेवलीत तरी पुष्कळ.

सात वाजता उणे 7. मध्यरात्री उणे 11.

या भिंतीला या चौकात कुणी ‘शीत आघाडी’ म्हणत नाही. नॉर्वेच्या बर्गेनमधल्या हवामानशास्त्रज्ञ याकोब ब्यर्कनेसने या रचनेवरचा निबंध 1919 मध्ये छापला, आणि नाव आलं पहिल्या महायुद्धातल्या सैन्याच्या आघाडीवरून. म्हाताऱ्याच्या कातडीला मात्र ती आजच कळलीय.

हीच भिंत त्याच दिवशी ओक्लाहोमा सिटीवरूनही गेली. तिथे पारा 28 अंशांवरून उणे 8 वर आला. 11 नोव्हेंबरच्या उष्णतेचा आणि थंडीचा, दोन्ही विक्रम त्या शहरात आजही 1911 सालाच्याच नावावर आहेत.