दारं उघडली तेव्हा: नॅशनल ट्रस्टची वाटचाल

वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेचं नाव घेतलं की आज इंग्लंडमधल्या जुन्या जमीनदारांच्या हवेल्या आणि त्यांच्या बागा आठवतात. १२ जानेवारी १८९५ रोजी संस्था स्थापन झाली तेव्हा मात्र हवेल्या कुणाच्या ध्यानीमनीही नव्हत्या. संस्थापक तिघं: ऑक्टेव्हिया हिल लंडनच्या गरीब वस्त्यांत घरांचं काम करणाऱ्या, रॉबर्ट हंटर वकील, हार्डविक रॉन्सली पाद्री. कोंदट शहरात राबणाऱ्या माणसाला मोकळ्यावर बसता यावं, ही तिघांची तळमळ. पहिली जमीन मिळाली ती वेल्समध्ये, समुद्राकडे पाहणारी एक टेकडी. पुढच्या वर्षी ससेक्समधलं पाद्र्यांचं एक जुनं घर १० पौंडांना घेतलं. १९०७ च्या कायद्यानं आपली मालमत्ता कधीही विकता न येणारी म्हणून जाहीर करण्याचा अधिकार ट्रस्टला दिला. पुढचं सगळं या एका कलमाच्या बळावर झालं.

हवेल्या आल्या त्या कर आणि युद्ध यांच्यामुळे. मालक वारला की वारसाला इस्टेटीवर जबर मृत्युकर भरावा लागे. शेतीचं उत्पन्न घटलेलं, नोकरचाकर मिळेनात, आणि कितीतरी घरांतले मुलगे पहिल्या महायुद्धात कामी आलेले. हवेल्या पाडल्या जाऊ लागल्या. १९३४ मध्ये ट्रस्टच्या वार्षिक सभेत लॉर्ड लोथियन यांनी हा प्रश्न पोटतिडकीनं मांडला आणि १९३७ च्या कायद्यानं वाट काढली: मालकानं घर आणि देखभालीपुरती तजवीज ट्रस्टच्या हवाली करावी, कुटुंबानं तिथेच राहावं, लोकांना आत येऊ द्यावं. लोथियन १९४० मध्ये वारले आणि नॉरफोकमधली त्यांची ब्लिकलिंग हवेली ट्रस्टकडे आली.

मला मात्र चटका लावते ती विल्टशरमधल्या स्टोअरहेडची हकिगत. अठराव्या शतकात हेन्री होअर या पेढीवाल्यानं पाणी अडवून इथे तळं केलं, काठावर रोमन धाटणीची मंदिरं उभारली. त्याच घराण्यातल्या सर हेन्री आणि लेडी अल्डा यांचा एकुलता एक मुलगा १९१७ मध्ये युद्धात जखमी होऊन गेला. १९४६ मध्ये त्यांनी स्टोअरहेड ट्रस्टला दिलं. पुढच्या वर्षी २५ मार्चला दोघंही एकाच दिवशी वारले. आज ऑक्टोबरात तळ्याभोवतीची झाडं पेटल्यासारखी लाल-पिवळी होतात, तेव्हा कुणीही त्या पायवाटेनं फिरू शकतो. ज्या सुखासाठी ऑक्टेव्हिया हिल झगडल्या, ते हेच.

१९४८ मध्ये ट्रस्टनं हिडकोट ही जागा घेतली ती मात्र हवेलीसाठी नव्हे, निव्वळ बागेसाठी. ससेक्समधलं शेफील्ड पार्क १९५४ मध्ये आलं. १८८६ मध्ये मुंबईचा पारशी क्रिकेट संघ इथल्या मैदानावर खेळून गेला होता. विसाव्या शतकात तिथले मालक आर्थर सोम्स यांनी खास पानगळीच्या रंगांसाठी इथे झाडं लावली, त्यात पाण्यात लाल प्रतिबिंब पाडणारे टुपेलो पुष्कळ. १९८७ च्या ऑक्टोबरात, १५ तारखेच्या रात्री, दक्षिण इंग्लंडवर वादळ आलं. जमीन पावसानं भिजलेली, पानं अजून गळलेली नव्हती, त्यामुळे वारा झाडांत शिडात भरावा तसा भरला आणि ती मुळांसकट उलटली. शेफील्ड पार्कचंही फार नुकसान झालं. ट्रस्टनं पुन्हा लागवड केली. ज्यांनी ती केली त्यांना त्या झाडांची पुरती उंची दिसणार नव्हती, आणि तरी त्यांनी ती केली, याचा मला मनापासून आदर वाटतो.

पानगळ सरता सरता बऱ्याच हवेल्या बंद होतात. मग गालिचे गुंडाळायचे, सामान झाकायचं, एकेक पुस्तक मऊ ब्रशनं झटकायचं. उजेडानं रेशीम विरतं, म्हणून पडदे ओढलेले. पाहुण्यांना न दिसणारं हे काम संस्थेच्या खऱ्या मेहनतीचं आहे.

आज ट्रस्टचे ५० लाखांहून अधिक सभासद आहेत. २०२० मध्ये वसाहती आणि गुलामगिरी यांच्याशी आपल्या कोणत्या वास्तूंचा संबंध आहे, याचा अहवाल ट्रस्टनं काढला. बरीच टीका झाली. मला तो अहवाल आवश्यक वाटतो. उदाहरणार्थ, वेल्समधल्या पोविस किल्ल्याच्या उतरत्या बागा ऑक्टोबरात पाहाव्यात अशाच आहेत, आणि त्याच किल्ल्याच्या संग्रहात टिपू सुलतानाचा तंबू आहे. भारतातून जाणाऱ्यानं दोन्ही पाहावं, आधी तंबूची चौकशी करून.