हत्याराची उंची

तळेगाव (श्यामजी पंत) येथे माझ्या घरच्या ओसरीत एक लहानसा लेथ आहे. गेल्या हंगामात शेजाऱ्याच्या फवारणी पंपाची पिन कातायला घेतली. हत्यार धरणारा होल्डर नवा, पण १२ मिलिमीटरचा. माझ्या यंत्राला मानवतो ८ चा! टोक मध्यरेषेच्या वर गेले, कापण्याऐवजी घासू लागले. पिन वाया गेली, शेजारी खोळंबला.

त्या रात्री वाटले, हत्यार धरण्याचा हा खटाटोप किती जुना! आपला कातारी पाळण्याचे खूर कातताना पटाशी हातानेच धरी. नजर आणि मनगट हेच त्याचे होल्डर. लाकडाला ते पुरे; लोखंडापुढे मनगट थकते. लंडनच्या हेन्री मॉड्स्लेने १८०० च्या सुमारास, सरकत्या बैठकीत हत्यार घट्ट बसवून अचूक आटे पाडणारा लेथ घडवला. मनगटाचे काम यंत्राकडे गेले. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. पुढे १९४१ साली हरिहरला किर्लोस्करांचा लेथचा कारखाना निघाला.

सकाळी कटर चकात धरला, होल्डर सरकत्या बैठकीवर आवळला आणि त्याच्या बुडाचे ४ मिलिमीटर काढले. म्हणजे लेथनेच आपली अडचण निवारली! टोक टेलस्टॉकच्या सेंटरशी जुळवून पाहिले; केसभर कमी पडले, तिथे पत्र्याची पातळ पट्टी सारली. दुसरी पिन गुळगुळीत उतरली. संध्याकाळी शेजाऱ्याचा पंप सुरू झाला.

मॉड्स्लेने मनगटाला विसावा दिला खरा. नजरेला मात्र अजून सुटी नाही.